हुल्लड कोणाची?

प्रस्तावना

गावच्या जत्रेतील कुस्त्यांचा फड असो, कबड्डीचे सामने असोत किंवा शहरातील फुटबॉलचे मैदान असो. खेळ म्हटला की गर्दी आलीच. गर्दीबरोबर आरोळ्या, शिट्ट्या आणि चुरसही येते. ही चुरस कधी कधी मर्यादा सोडते. शिवीगाळ होते, दगड भिरकावले जातात, मालमत्तेची मोडतोड होते. अशा वर्तनाला आपण हुल्लडबाजी म्हणतो. परंतु मोडतोड करणारे प्रेक्षक नसून खुद्द खेळाडू असतील, आणि तेही सुशिक्षित व सुखवस्तू घरांतील असतील, तर त्याच वर्तनाला समाज कोणते नाव देतो? प्रस्तुत पाठात फुटबॉल आणि रग्बी या दोन खेळांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –

• खेळातील बेशिस्त वर्तनाची वेगवेगळी रूपे सांगू शकाल;
• फुटबॉल आणि रग्बी या खेळांच्या सामाजिक पार्श्वभूमीची तुलना करू शकाल;
• एकाच कृतीला वेगवेगळी नावे का दिली जातात, याचे विवेचन करू शकाल;
• समानार्थी वाटणाऱ्या शब्दांतील अर्थच्छटा ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. पेठांचा फुटबॉल

कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी मानली जाते. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला उदार आश्रय दिला आणि १९१२ साली तेथे खासबाग मैदान उभे राहिले. याच नगरीत फुटबॉलनेही खोलवर मूळ धरले आहे. येथील विशेष असा की, अनेक फुटबॉल संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही नावे कोल्हापुरात लहान मुलालाही ठाऊक असतात. तालीम ही केवळ व्यायामशाळा नव्हे. सण, उत्सव, अडीनडी या सर्व प्रसंगी पेठेतील माणसांना एकत्र आणणारी ती जागा आहे. त्यामुळे शाहू स्टेडियमवर दोन संघ उतरतात, तेव्हा अकरा-अकरा खेळाडूंच्या पाठीशी दोन वस्त्या उभ्या असतात. कामावरून सुटलेला कारागीर, रिक्षाचालक, दुकानदार आणि विद्यार्थी एकाच पायरीवर बसून सामना पाहतात. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा.

या निष्ठेला दुसरीही बाजू आहे. चुरशीच्या सामन्यांत समर्थकांमध्ये बाचाबाची झाल्याचे, मैदानात दगड आणि बाटल्या पडल्याचे, खेळ थांबवावा लागल्याचे प्रसंग या शहराने अनुभवले आहेत. अशा वेळी दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत ‘हुल्लडबाजी’ हा शब्द येतो. तो शब्द अयोग्य नाही. दगड कोणाच्याही हातून सुटला तरी समोरच्याचे डोके फुटतेच. मात्र मोजक्या माणसांच्या कृत्याचा डाग संपूर्ण पेठेला आणि पुढे पुढे त्या खेळालाच लागतो. ‘फुटबॉल पाहणारे असेच असतात’ असे म्हणणारी माणसे भेटू लागतात. हे विधान खरे आहे का, हे पाहण्यासाठी फुटबॉलच्या एका जवळच्या भावंडाशी त्याची तुलना करावी लागेल. ते भावंड म्हणजे रग्बी.

२. एका घरातील दोन खेळ

रग्बीचा चेंडू लंबगोल असतो. तो हातात घेऊन धावता येते आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला प्रतिस्पर्धी कवेत घेऊन खाली पाडू शकतो. मूळ प्रकारात प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात. या खेळाला इंग्लंडमधील रग्बी नावाच्या गावातील शाळेवरून नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील प्रत्येक मोठ्या शाळेचे चेंडूच्या खेळाचे नियम वेगळे होते. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि हाताचा वापर व धरपकड टाळणारा खेळ फुटबॉल म्हणून रूढ झाला. ज्यांना धरपकडीचा खेळ हवा होता, त्यांनी १८७१ साली रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली.

पुढे या दोन खेळांच्या वाटा सामाजिक दृष्टीनेही वेगळ्या झाल्या. गिरण्या, खाणी आणि गोद्यांतील कामगारांना शनिवारी दुपारनंतर सुटी मिळू लागली, तेव्हा फुटबॉल हा त्यांचा खेळ झाला. रग्बी मात्र इंग्लंडमध्ये बऱ्याच अंशी महागड्या शाळा, विद्यापीठे आणि क्लब यांच्याशी जोडलेली राहिली. भारतातही रग्बी ब्रिटिशांबरोबर आली. मुंबईच्या आझाद मैदानालगत १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याचे मैदान हे या खेळाचे जुने ठिकाण आहे. तो जिमखाना आरंभी केवळ युरोपियनांसाठी होता. पेठेतील तालमीचे दार आणि अशा जिमखान्याचे दार यांतील अंतर येथे ध्यानात घ्यावे.

इंग्रजीत एक जुनी म्हण प्रचलित आहे. फुटबॉल हा सभ्य माणसांचा खेळ, पण तो खेळतात हुल्लडबाज. रग्बी हा हुल्लडबाजांचा खेळ, पण तो खेळतात सभ्य माणसे, असा तिचा आशय आहे. ही म्हण चतुर आहे. ती खरी आहे का, हे आता तपासू.

३. रुपयांचा चषक

१८७३ साली कोलकात्यातील इंग्रजांनी रग्बी खेळण्यासाठी कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन केला. क्लबमध्ये सभासदांना मद्य विनामूल्य मिळत असे. ही सोय बंद होताच सभासदांची संख्या घटली, असे या क्लबच्या इतिहासात सांगितले जाते. अखेर क्लब बंद करण्याचे ठरले. बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांच्या रूपाने काढून घेण्यात आली, ते रुपये वितळवण्यात आले आणि त्यांतून एक सुंदर चषक घडवण्यात आला. त्याच्या तीन मुठी नागांच्या आकाराच्या असून झाकणावर हत्ती आहे. १८७८ साली हा चषक रग्बी फुटबॉल युनियनला भेट देण्यात आला आणि १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यातील सामन्याचे ते पारितोषिक ठरले. तोच ‘कलकत्ता कप’ होय.

१९८८ साली एडिनबरो येथे हा सामना इंग्लंडने जिंकला. रात्रीच्या मेजवानीनंतर इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री हे दोन नामवंत खेळाडू तो शंभराहून अधिक वर्षे जुना चषक घेऊन मद्याच्या अमलाखाली रस्त्यावर गेले. परत आला तेव्हा चषकाला जबर पोचे पडलेले होते. एका खेळाडूवर काही महिन्यांची, तर दुसऱ्यावर एका सामन्याची बंदी घालण्यात आली. आज हा प्रसंग रग्बीच्या वर्तुळात बहुधा हसत हसत सांगितला जातो.

हा एकच प्रसंग नाही. सामन्यानंतर क्लबात अतिमद्यपान करणे, काचसामान फोडणे, अश्लील गाणी म्हणणे, नव्या सभासदाला जबरदस्तीने मद्य पाजून त्याची फजिती करणे, असे प्रकार काही रग्बी क्लबांत ‘परंपरा’ म्हणून चालत आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे अध्ययन केले, त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये २०१४ साली विद्यार्थ्यांच्या रग्बी क्लबाने स्त्रियांविषयी आणि समलिंगी व्यक्तींविषयी हीन मजकूर असलेले पत्रक वाटले. तेथील विद्यार्थी संघटनेने तो क्लबच त्या वर्षापुरता बरखास्त केला. नवागताची अशी ‘गंमत’ आपल्याकडे वसतिगृहांत होते, तेव्हा तिला रॅगिंग म्हणतात. ते रोखण्यासाठी महाराष्ट्रात १९९९ साली स्वतंत्र कायदा झाला असून त्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

> पाठगत प्रश्न १
> (अ) कोल्हापुरातील अनेक फुटबॉल संघांच्या नावांत कोणते वैशिष्ट्य आढळते?
> (आ) ‘कलकत्ता कप’ कशापासून घडवण्यात आला?
> (इ) १९८८ सालच्या घटनेत चषकाची हानी कोणाकडून झाली?

४. गर्दीचे अपराध

खेळाडूंच्या या वर्तनाशी तुलना केली, तर फुटबॉलच्या गर्दीचे अपराध किती तरी भयंकर आहेत, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. २९ मे १९८५ रोजी बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे हेझेल मैदानावर लिव्हरपूल आणि इटलीचा युव्हेंटस यांच्यात युरोपीय चषकाचा अंतिम सामना होता. लिव्हरपूलचे काही समर्थक प्रतिस्पर्धी समर्थकांवर चाल करून गेले. मागे हटणारी माणसे एका भिंतीपाशी चेंगरली, भिंत कोसळली आणि ३९ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुसंख्य इटालियन होते. त्यानंतर इंग्लंडच्या क्लबांना युरोपातील स्पर्धांत अनेक वर्षे प्रवेश मिळाला नाही.

आपल्या देशातही असा काळा दिवस आला. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना सुरू असताना मैदानावरील भांडण प्रेक्षकांत पसरले. हाणामारी आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक मरण पावले. सामना पाहण्यासाठी सकाळी घराबाहेर पडलेली ही माणसे परतली नाहीत. कोलकात्यात पुढे हा दिवस फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला आणि त्या निमित्ताने रक्तदान शिबिरे भरू लागली.

मात्र हा दोष केवळ फुटबॉलचा मानता येत नाही. सभ्य गृहस्थांचा खेळ म्हणून गौरवल्या जाणाऱ्या क्रिकेटच्या विश्वचषकात १३ मार्च १९९६ रोजी त्याच ईडन गार्डन्सवर भारत पराभवाच्या छायेत असताना प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या व जाळपोळ केली. सामना थांबवून श्रीलंकेला विजयी घोषित करावे लागले. उलट २०१८ आणि २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकांत जपानी प्रेक्षकांनी सामना संपल्यावर स्वतः पिशव्या घेऊन सज्जातील कचरा गोळा केला.

५. नावाची शिक्षा

एखाद्या समूहाला एकदा नाव पडले, की त्याचे परिणाम किती दूरवर जातात, याचे दुःखद उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या हिल्सबरो मैदानावरील दुर्घटना. त्या काळी फुटबॉलचे प्रेक्षक म्हणजे हुल्लडबाज, असा समज पक्का झाला होता. म्हणून उभे राहून सामना पाहणाऱ्यांच्या जागेभोवती लोखंडी कुंपणे घातली जात. प्रेक्षकांची सोय पाहण्यापेक्षा त्यांना अडवण्याकडे व्यवस्थेचे अधिक लक्ष होते.

१५ एप्रिल १९८९ रोजी लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना पाहण्यासाठी बाहेर मोठी गर्दी साचली. ती कमी करण्यासाठी पोलिसांच्या आदेशाने एक दार उघडण्यात आले. आत येणारे लोक आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत ढकलले गेले. पुढे कुंपण आणि मागे गर्दी, अशा कोंडीत माणसे उभ्या उभ्या गुदमरली. बळींची संख्या पुढे ९७ झाली. त्यांतील सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता.

प्रेक्षकांनीच दार फोडले, असे त्याच दिवशी एका वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्याने सांगितले. ते असत्य होते. काही दिवसांतच एका मोठ्या वृत्तपत्राने प्रेक्षकांवर गलिच्छ आरोप छापले. तेही असत्य ठरले. तरीही अनेकांनी त्यांवर विश्वास ठेवला, कारण फुटबॉलचे प्रेक्षक म्हणजे गुंड, हे आधीच ठरलेले होते. त्याच वर्षी चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी पोलिसांचे नियंत्रण कोलमडणे हे मुख्य कारण असल्याचे नमूद केले. परंतु मृतांच्या नातलगांना निर्विवाद निर्णयासाठी २०१६ पर्यंत झगडावे लागले. त्या वर्षी ज्यूरीने हे मृत्यू बेकायदेशीर मानववध असल्याचे सांगितले आणि प्रेक्षकांचा यात दोष नव्हता, हेही स्पष्ट केले. सत्तावीस वर्षे आईबापांना मुलांच्या मृत्यूचा शोक करायचा होता आणि त्याच वेळी ती मुले गुंड नव्हती, हेही सिद्ध करायचे होते.

६. फरक कशाचा?

रग्बीच्या प्रेक्षकांत मारामाऱ्या कमी होतात, हे खरे आहे. तेथे दोन्ही संघांचे समर्थक सहसा एकमेकांशेजारी बसतात. ते सभ्य घरचे असतात म्हणून, असे उत्तर दिले जाते. परंतु इतिहास त्याला दुजोरा देत नाही. वेल्समध्ये रग्बी हा खाणकामगारांचा लाडका खेळ होता. उत्तर इंग्लंडमध्ये बुडालेल्या रोजाची भरपाई खेळाडूंना मिळावी, या मागणीवरून १८९५ साली क्लब फुटून निघाले आणि रग्बी लीग हा कामगारांचा खेळ तेथे वाढला. तेथील गर्दीही फुटबॉलच्या गर्दीइतकी बदनाम झाली नाही. तेव्हा कारण कुळात नाही. ते बहुधा रिवाजात आहे. रग्बीत पंचांशी सामान्यतः कर्णधारच बोलतो आणि निर्णयावर हुज्जत घालणे गैर मानले जाते. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकत्र जेवतात. कोल्हापूरच्या लाल मातीतही हाच संस्कार आहे. घाम निघेपर्यंत झुंजलेले मल्ल कुस्ती सुटल्यावर एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि वस्तादाचा शब्द अखेरचा मानतात. ज्या तालमींनी हा संस्कार जपला, त्यांच्याच नावाने फुटबॉल खेळला जातो. फुटबॉलच्या पायऱ्यांवर तो संस्कार आणणे म्हणूनच परके काही आणणे ठरणार नाही.

फुटबॉलची हुल्लड रस्त्यावर आणि सर्वांसमक्ष होते. क्लबातील धुडगूस भिंतींच्या आड होतो. फुटलेल्या काचेचे पैसे भरले की प्रकरण मिटते. पहिल्या प्रकारात पोलिसांत नोंद होते, दुसऱ्या प्रकारात किस्सा तयार होतो. दंड भरण्याची ऐपत असणे म्हणजे अपराध न केलेला असणे नव्हे. जखमी माणसाला मारणाऱ्याचे शिक्षण किंवा त्याचा पोशाख यांमुळे कमी वेदना होत नाहीत. ज्या दिवशी आपण नाव कृतीला देऊ, माणसाच्या वस्तीला देणार नाही, त्या दिवशी मैदानावरील पंचाइतका न्याय आपणही करू शकू.

> पाठगत प्रश्न २
> (अ) हिल्सबरो मैदानावर लोखंडी कुंपणे का घातली होती?
> (आ) प्रेक्षक निर्दोष असल्याचा निर्णय कोणत्या वर्षी मिळाला?
> (इ) रग्बीच्या प्रेक्षकांत मारामाऱ्या कमी होण्याचे कोणते कारण पाठात दिले आहे?

शब्दार्थ

राजाश्रय – राजाने दिलेला आधार
बाचाबाची – शाब्दिक भांडण
पोचा – धातूच्या वस्तूवर आघाताने पडलेला खळगा
बरखास्त करणे – मोडून टाकणे, बंद करणे
सज्जा – प्रेक्षकांच्या बसण्याची उंचावरील जागा
रिवाज – रूढ पद्धत
वस्ताद – तालमीतील गुरू

भाषाभ्यास : शब्दांच्या छटा

‘मस्ती’, ‘धुडगूस’, ‘हुल्लड’, ‘दंगल’ आणि ‘गुंडगिरी’ हे शब्द एकाच प्रकारच्या वर्तनाविषयी वापरले जातात. पण त्यांतून बोलणाऱ्याचे मत प्रकट होते. ‘मुलांनी मस्ती केली’ या वाक्यात क्षमा आहे. ‘मुलांनी धुडगूस घातला’ यात नाराजी आहे. ‘मुलांनी गुंडगिरी केली’ यात अपराधाचा आरोप आहे. घटना कदाचित एकच असेल. ‘दंगल’ हा शब्द तर विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ‘शहरात दंगल झाली’ आणि ‘गावात कुस्त्यांची दंगल झाली’ या दोन वाक्यांत तोच शब्द अगदी भिन्न अर्थांनी येतो. पहिल्या दंगलीत नियम मोडले जातात, दुसरीत ते पाळले जातात.

आपण काय शिकलो?

• बेशिस्त वर्तन प्रेक्षकांकडून होते, तसेच खेळाडूंकडूनही होते.
• एकाच प्रकारच्या कृतीला करणाऱ्याच्या सामाजिक स्थानानुसार सौम्य किंवा कठोर नाव दिले जाते.
• समूहाविषयीचा पूर्वग्रह प्रत्यक्ष अन्यायास कारणीभूत ठरू शकतो.
• चांगले वर्तन कुळावर नव्हे, तर रिवाजावर आणि संस्कारावर अवलंबून असते.

स्वाध्याय

१. ‘रुपयांचा चषक’ या भागातील घटना तुमच्या शब्दांत लिहा.
२. हेझेल आणि हिल्सबरो येथील दुर्घटनांमध्ये कोणता मूलभूत फरक आहे? आठ ते दहा वाक्यांत स्पष्ट करा.
३. ‘पोलिसांत नोंद’ आणि ‘किस्सा’ या शब्दांतून लेखात कोणता विरोध दाखवला आहे?
४. तुमच्या गावात किंवा कामाच्या ठिकाणी एकाच चुकीबद्दल दोन माणसांना वेगवेगळी वागणूक मिळाल्याचा प्रसंग आठवा व त्यावर परिच्छेद लिहा.
५. एखाद्या सामन्यातील गोंधळाची बातमी अशी लिहा, की तिच्यात काय घडले ते कळेल, पण कोणत्याही वस्तीला वा समूहाला दूषण दिले जाणार नाही.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) ते तालमींच्या नावाने ओळखले जातात. (आ) क्लबच्या शिल्लक रकमेतील चांदीचे रुपये वितळवून. (इ) मद्याच्या अमलाखाली असलेल्या दोन नामवंत रग्बी खेळाडूंकडून.

२. (अ) प्रेक्षक हुल्लडबाज असतात, या समजातून त्यांना अडवण्यासाठी. (आ) २०१६. (इ) पंचांचा मान राखण्याचा आणि सामन्यानंतर एकत्र येण्याचा रिवाज.